परीक्षकांचे इयरबड

"ब्लूटूथच भिकार!" म्हणत गायनस्पर्धेच्या परीक्षकांनी इयरबडची डबी दुरुस्तीवालीच्या काउंटरवर आपटली. इक्वलायझर फिरवून झाला, ॲप नवं टाकून झालं, फोन वरच्या खिशात ठेवून पाहिला. तरी स्पर्धेला आलेलं प्रत्येक गाणं उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखंच.

दुरुस्तीवाली डबी उघडते तोच परीक्षकांचा फोन वाजला. कुणा स्पर्धक मुलीची आई होती.

"हो बाई, ऐकलं तुमच्या मुलीचं गाणं. आवाज मोकळाच नाही हो तिचा! अंतिम फेरी सोडाच, गाण्याचा नादच सोडा. दुसरं काहीतरी शिकवा." पलीकडे बाई रडायला लागल्या तसा त्यांनी फोन ठेवला. "आपलं हे असं आहे. तोंडावर सांगतो," म्हणाले. वर मिशीतल्या मिशीत हसले.

दुरुस्तीवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोष फोनचा की इयरबडचा, ते बघू. त्याच मुलीचं गाणं लावा," म्हणत तिने फोन दुकानातल्या स्पीकरला जोडला.

पोरीचा आवाज असा लख्ख निघाला, की दारातून परत निघालेलं गिऱ्हाईक आत येऊन उभं राहिलं.

"स्पीकरवर गाढवही गोड वाटतं," परीक्षक म्हणाले.

तिने इयरबड भिंगाखाली धरला आणि मान मागे घेतली. शी! जाळी दिसतच नव्हती. कानातला पिवळा मळ थरावर थर बसलेला, त्यात एक पांढरा केस. चिमट्याने तिने ते सगळं कागदावर काढलं. दुसऱ्या इयरबडमध्ये तर याहून घाण; तीही काढली. गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावला.

"घाला आता कानात."

परीक्षकांनी तेच गाणं पुन्हा लावलं. पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा पडला. पण मेल्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदा मानही डोलावली.

"लावा त्या बाईंना फोन," ती म्हणाली.

"अंतिम फेरीची यादी कालच गेली. आता शब्द फिरवला तर माझी काय इज्जत राहील?" त्यांनी पाकीट काढलं. "तुमचे किती झाले?"

तिने मळाच्या कागदाची पुडी बांधली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"पैसे नकोत. हे तेवढं उचला."