सर अँब्रोझ यांचा देव

"तिसरी पेटी उघडा," पाद्री व्हिटकोम म्हणाले.

हेस्टरने हसतमुखाने कुलूप काढलं. या पेटीवर तिने महिनाभर मेहनत घेतली होती.

तिचे मामा सर अँब्रोझ थॉर्नबी म्हणजे चंद्राचं गणित मांडणारा माणूस. पण ते वारल्यापासून लंडनच्या कॉफीखान्यांत भलतीच कुजबुज चालली होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे म्हणे त्यांना मान्यच नव्हतं. पिता तेवढा देव. येशू देव नव्हे. तसा पुरावा व्हिटकोमना सापडला, तर त्यांना तपासणीला धाडणारे बिशपसाहेब मामांचे सगळे कागद जाळणार होते. अगदी चंद्रासकट.

कुजबुज खरी होती. मामांचं ते लिखाण हेस्टरला जाळवलं नाही. तिने ते पिठाच्या पिंपात दडवलं. आणि पेटीत ठेवली स्वतः लिहिलेली, मामांच्या वळणाची, सोज्वळ दोनशे पानं. लहानपणापासून तिने तेच अक्षर गिरवलं होतं. दोन्हींतला फरक ओळखणारा अजून जन्माला यायचा होता.

"मरताना येशूच्या प्रसादाची भाकर परत का पाठवली त्यांनी?" व्हिटकोमनी विचारलं.

"दात नव्हते हो, पाद्रीसाहेब."

ते हसले नाहीत. त्यांच्या नजरेतून पाखंड सुटत नाही, असा त्यांचा लौकिक होता. पान न् पान त्यांनी वाचलं. दुपार कलली.

"पुरे झालं की," हेस्टर चहा ओतत म्हणाली. "एवढं तर बिशपसाहेबांनी बायबलही वाचलं नसेल."

"जिभेला हाड नाही तुमच्या."

"मामांकडूनच आलंय ते."

व्हिटकोमनी सहीसाठी लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"बाई, हे अक्षर अँब्रोझचं नाही."

हेस्टरने चहाची किटली खाली ठेवली. मान ताठ ठेवून ती म्हणाली, "कशावरून?"

व्हिटकोम उठले. त्यांनी दार लोटून घेतलं, परत येऊन बसले आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आक्षेपार्ह काही नाही.' खाली झोकात सही ठोकली.

"तो अक्षरांच्या शेपट्या याहून लांब ओढायचा," ते हळूच म्हणाले. "वीस वर्षं चोरून पत्रं लिहायचा मला, येशू देव नव्हे म्हणून. शेवटी पटवूनच सोडलं मला."