पंगत उठेपर्यंत

तिसऱ्या फेरीत मधाच्या दारूने भरलेलं शिंग ग्लेनपाशी आलं आणि तो खुर्ची मागं सारून उभा राहिला. शिंग घेऊन त्याची मुलगी सोल्वे फिरत होती. बापाला ती चांगली ओळखून होती.

"आजपासून," ग्लेन म्हणाला, "मरेपर्यंत मी दारूचा एक थेंबही..."

"थांब, बाबा." सोल्वेने शिंग मागं ओढलं.

गावाच्या त्या सार्वजनिक हॉलमध्ये आम्ही तेवीस जण होतो. आमच्यात, म्हणजे ओडिन आणि टीर या जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांत, पहिली फेरी देवांची, दुसरी पितरांची आणि तिसरी आपापल्या शपथांची. शिंग फिरवणारी बाई एखादी शपथ नाकारू शकते, हाही रिवाजच आहे. पण गेल्या अकरा वर्षांत कुणी कुणाची नाकारली नव्हती. बापाची तर नाहीच नाही.

नियम उगीच केलेला नाही. आमचे देव माफ करत नाहीत. खुद्द टीरचा उजवा हात लांडग्याला दिलेल्या एका खोट्या शब्दापायी गेला, तो काही परत आला नाही. शिंगावर दिलेला शब्द मोडला की ऐकणाऱ्या सगळ्यांच्या नशिबाला भोक पडतं, आणि मोडणाऱ्याला पुन्हा या पंगतीत जागा नाही. दोघं असे बाहेर गेलेत. चांगली माणसं होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे इथं परवडत नाही.

"शिंग दे, पोरी," ग्लेन हळूच म्हणाला.

"नाही देणार."

"चारचौघांत लाज काढतेस माझी?"

"हीच शपथ तू घरी दोनदा घेतलीस. तिथं ऐकायला मी एकटीच होते. मोडलीस, मी गिळलं. इथं मोडलीस तर हे लोक तुला बाहेर काढतील. मग रविवारी इथं यायच्या ऐवजी कुठं जाशील? मला माहितीय कुठं जाशील ते."

ती चिडली होती. तिने शिंग आणखी मागं घेतलं तशी आतली दारू तिच्या मनगटावर सांडली.

"तिचा हक्क आहे, ग्लेन," कर्टिस म्हणाला. तो आमचा पुजारी. एरवी तासन् तास बोलतो. आज तेवढंच बोलला.

"मागच्या महिन्यात याच हॉलमध्ये निवडणुकीचे उमेदवार येऊन काय काय देऊ म्हणून गेले," ब्रूसने मध्येच तोंड घातलं. "तेव्हा कुठं होतीस, सोल्वे? त्यांना अडवायचं होतंस."

कुणी हसलं नाही. ब्रूस आपल्या बुटांकडे बघत बसला.

ग्लेन हिवाळाभर गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो. सहा फुटांचा गडी, पण बसावं की निघून जावं, हे त्याला सुचेना. खुर्चीवरचं जाकीट त्याने उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं.

"मग काय बोलू?"

"जमेल तेवढं बोल."

"एक वर्ष."

सोल्वेने नाही अशी मान हलवली.

"बरं, महिनाभर."

"ऐकायला किती बरं वाटेल ते नाही विचारलं, बाबा. किती जमेल ते विचारलं."

तो दाराकडे बघत राहिला. दाराबाहेर आमच्या गाड्या उभ्या होत्या.

"गाडीत बाटली आहे," तो म्हणाला. "पुढच्या सीटखाली. येतानाच घेतली."

कुणाकडे बघावं तेच आम्हाला समजत नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत म्हणणार होतो," ग्लेन म्हणाला. "पण संध्याकाळ लांब आहे. जेवण होईपर्यंत धर. पंगत उठेपर्यंत. तेवढं जमेल मला."

एवढीशी शपथ आमच्यात आजवर कुणी घेतली नव्हती. कुणी दहा एकर रान लावायची घेतं, कुणी आजारी भावाला सांभाळायची. कर्टिसने सोल्वेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत बापाचं बोलणं तिला पहिल्यांदाच खरं वाटत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती.

तिने दोन्ही हातांनी शिंग पुढं केलं.

"पंगत उठेपर्यंत मी पिणार नाही," ग्लेन म्हणाला.

"ऐकलं," आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे म्हणालो.

त्याने शिंगाला ओठही लावले नाहीत. आपला घोट मध्ये देवांसाठी ठेवलेल्या लाकडी वाडग्यात ओतला आणि खाली बसला. उरलेल्या चौघांच्या शपथा झाल्या; त्या काय होत्या ते आता मला आठवत नाही. कर्टिसने देवांना निरोप दिला. वाडगं बाहेर झाडाखाली रिकामं करून आला. टेबलं जोडली गेली. ग्लेन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"जेवायला कधी बसायचं?" ब्रूसने विचारलं. "पोटात कावळे ओरडतायत."

सोल्वे आत स्वयंपाकघरात गेली. गॅसवर हरणाच्या मांसाचं मोठं पातेलं रटरटत होतं, आणि शेजारी आमच्यातली सगळ्यात म्हातारी लोरेन डाव घेऊन उभी होती. एक तुकडा तिने नुकताच चाखला होता. तो तोंडात विरघळावा इतका शिजला होता.

सोल्वेने गॅस बंद केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अजून कच्चं आहे," तिने बाहेर ऐकू जाईल असं सांगितलं.

लोरेनने तिच्याकडे पाहिलं, मग विझलेल्या गॅसकडे पाहिलं. आयुष्यात ती कधी खोटं बोलल्याचं आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. तिने डाव खाली ठेवला, हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली.

"तास-दीड तास तरी लागेल रे," ती म्हणाली. "मेलं जून जनावर आहे."