वार्दिसच्या दोन ओळी

अर्गिरोने राकीची बाटली बेसिनमध्ये उपडी केली. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ सिफिस शेजारी उभा राहून हळहळत होता. घरची द्राक्षं, घरची भट्टी, आणि ही बाई खुशाल ओतून देतेय! वॉर्डभर वास सुटला. चमचाभरानं काय होतंय, वहिनी, असं तो कुरकुरला. अर्गिरोने रिकामी बाटली त्याच्या हातात कोंबली आणि बजावलं, पुन्हा आणलीस तर हीच तुझ्या डोक्यात घालीन.

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, वार्दिसच्या, आतड्यातली गाठ काढून डॉक्टरांनी दोन टोकं एकमेकांना शिवली होती. घरी गेल्यावर तो सांधा आतल्या आत सुटला. पोटात सगळी घाण पसरली. मग पुन्हा पोट उघडलं, धुतलं, पुन्हा शिवलं. डॉक्टर थालिया अथेन्सच्या, वयाने लहान, पण बोलायला रोखठोक. त्यांनी अर्गिरोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हा माणूस जन्मभर सिगारेटी फुंकत आलाय. अंगावर मांस म्हणून नाही. वर दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी जखम लवकर भरत नाही आणि ताप लपून राहतो. सांधा पुन्हा सुटू शकतो. सुटलाच, तर तेव्हाच्या तेव्हा कळायला हवं. उशीर झाला तर आमच्या हातात काही उरणार नाही. तुम्ही त्यांना ओळखता, जरा काही वेगळं वाटलं तर मला हाक मारा.

म्हणून अर्गिरो खाटेशी राखणीच्या कुत्र्यासारखी बसून होती. आमच्या डोंगरात कुणी आजारी पडलं की अख्खं गाव इस्पितळात लोटतं, आणि रिकाम्या हाताने येईल तो आमच्या गावचा नव्हे. शिजवलेल्या गोगलगायी आल्या, चीजच्या करंज्या आल्या, कोकराचा रस्सा आला. तिने सगळं दारातच अडवलं. लोकांची तोंडं वाकडी झाली. नणंद तर चारचौघांत म्हणाली, माझ्या भावाला उपाशी मारतेय ही. अर्गिरोने तेही गिळलं. तिला धास्ती एकच होती, बाहेरून काहीतरी त्याच्या पोटात जाईल.

आणि वार्दिस? तो तर अचानक फुलला होता. एरवी मुलखाचा घुम्या. मेंढ्यांशी बोलेल, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं. ऑपरेशननंतर भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो आज सकाळी उठून बसला. डॉक्टर थालियांनी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाला. ताप नव्हता. नाडी जरा पळत होती, पण पाहुण्यांची एवढी वर्दळ असल्यावर कुणाची नाही पळणार? डॉक्टरांना मात्र ती नाडी काही आवडली नाही. त्यांनी ती दोनदा मोजली.

दुपारी अर्गिरो खालच्या प्रार्थनाघरात मेणबत्ती लावून आली, तर जिन्यातच हशा ऐकू आला. पाहुणे, शेजारच्या खाटेवरचा बेकरीवाला, नर्स पेलाग्या, सगळे वार्दिसभोवती गोळा झालेले. आमच्याकडे लग्नात, बाप्तिस्म्याला माणसं अशीच समोरासमोर दोन-दोन ओळी जुळवून म्हणतात. वार्दिसने स्वतःच्या लग्नातही तोंड उघडलं नव्हतं. आता तो पेलाग्याकडे बघून म्हणत होता:

"पेलाग्या, तुझ्या सुईपुढे फिकी तलवार,
टोचलीस दंडाला अन् गेली काळजाच्या पार."

टाळ्या पडल्या. पेलाग्या लाजून लाल झाली. राकीशिवायच चढलीय याला, सिफिस अर्गिरोला म्हणाला. बरा झाला बघ तुझा नवरा.

अर्गिरो हसली नाही. वार्दिसची नजर तिच्यावर गेली. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने हात पुढे केला आणि बारीक आवाजात म्हटलं:

"अर्गिरो गं, दार लोट, वारा फार सुटला,
गोठ्यामधला दोर बघ आतून कसा तुटला."

वा, म्हणाला बेकरीवाला.  अर्गिरो तशीच मागे वळली आणि धावत सुटली.

डॉक्टर थालिया पलीकडच्या वॉर्डात होत्या. हातातलं काम टाकून त्या तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत एकेक विचारत होत्या. काही खाल्लं का, प्यायले का, उलटी झाली का? अर्गिरो नुसती नाही म्हणून मान हलवत होती. मग झालं तरी काय?

"तो ओळी जुळवतोय."

डॉक्टर थबकल्या. जागरणाने बाईचं डोकं फिरलं की काय, असं त्यांना वाटलं असणार.

"आमचे पुरुष दुखतंय म्हणत नाहीत, डॉक्टरबाई. मेले तरी म्हणायचे नाहीत. पाय ट्रॅक्टरखाली सापडला, तेव्हा हा ओळी जुळवत होता. आणि मागच्या खेपेला आत तो सांधा सुटला ना, त्या दिवशी अंगणात बसून दिवसभर माझ्यावर ओळी रचत होता. माझ्यावर अशा जन्मात पहिल्यांदा. मी वेडी, हरखून गेले. म्हटलं, आता बरा होतोय."

 डॉक्टर पळतच वॉर्डात शिरल्या, चादर बाजूला केली आणि पोटावर तळहात ठेवला. पोट पाटासारखं कडक लागलं. ऑपरेशनची तयारी करायला सांग, त्या पेलाग्याला म्हणाल्या. हशा थांबला. सिफिसने रिकामी बाटली पाठीमागे लपवली.

"वार्दिस, खरं सांगा. किती दुखतंय?"

तो घामाने निथळत होता. त्याने डॉक्टर थालियांकडे बघून गोड हसून घेतलं, आणि त्यांच्या नावाला यमक शोधू लागला.