शुक्रवारचं विणकाम

शकुताईंनी काचेचं दार सरकवलं आणि पदराचं टोक नाकाला लावलं.

“चंद्रहासराव, आजच्या दिवशी?”

“आजच,” चंद्रहास म्हणाला.

मागच्या डेकवर, बार्बेक्यूच्या शेगडीवर, शेजारणीचं, जोनचं, बिडाचं भांडं तापलं होतं. पिठात घोळवलेले मांसाचे तुकडे तो त्यात थोडे थोडे सोडत होता. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं, असं जोनने बजावलं होतं.

“बकऱ्याचं आहे ना, निदान?”

“नाही. बीफ आहे. स्ट्यू करतोय.”

धाकट्या बहिणीच्या, म्हणजे चंद्रहासच्या बायकोच्या, वर्षश्राद्धासाठी शकुताई पुण्याहून इथे न्यूझीलंडला, अप्पर हटला आल्या होत्या. सकाळपासून आत खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी चालली होती. मृणालिनीच्या आवडीचं काही राहायला नको, म्हणून त्यांनी येताना कोकमंसुद्धा आणली होती. स्वयंपाकघर चंद्रहासने आपणहून त्यांना सोडून दिलं होतं.

“गळ्यात तुळशीची माळ आणि हातात हे,” त्या म्हणाल्या. “शोभतं हो.”

वाकल्यावर माळ भांड्यावर लोंबत होती. त्याने ती स्वेटरच्या आत सारली.

“ती असती तर झाली असती का तुमची हिंमत?”

“ती असती तर मला करावंच लागलं नसतं.”

“म्हणजे सुटलात म्हणा की.”

चंद्रहासने कांदा टाकला. “दार लावून घ्या. थंडी आत येतेय.”

तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. काम हातात घेतलं की पुरं होईपर्यंत मान वर करायची नाही, ही त्याची रीत. मृणालिनी गेल्यापासून लोकांनी त्याला खूप काही सांगितलं. मन रमवा, भजनाला या, पुण्याला परत जा. त्याने सगळ्यांना हो म्हटलं आणि त्यातलं एकही केलं नाही. हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. हे त्याचं त्याने ठरवलं होतं.

गाजरं, पार्सनिप, बटाटे त्याने मोठे मोठे चिरून घातले. कुंपणावर जोनने थाइमची जुडी ठेवली होती, तीही टाकली. मग पाणी ओतून झाकण लावलं आणि शेगडीपुढे खुर्ची घेऊन बसला. वारा बोचरा होता, पण तो उठला नाही.

दुपारी सिद्धी बाहेर आली. पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, इथल्या रबरी चपला. ती वेलिंग्टनला नोकरी करायची आणि दोन महिन्यांनी तिचं लग्न होतं.

“बाबा, मावशी इज रिअली अपसेट. जस्ट टेल हर.”

“काय सांगायचं? काय शिजतंय ते दिसतंय त्यांना.”

“यू नो व्हॉट आय मीन.”

सिद्धीने झाकण उचलून चमचा बुडवायला हात पुढे केला, तसं त्याने तिचं मनगट धरलं.

“उष्टं करू नकोस.”

“सॉल्ट बघते फक्त.”

“बघायचं नाही.”

तेवढ्यात दार पुन्हा सरकलं.

“एवढंच खायचं होतं तर त्या जोनकडे जाऊन खायचं,” शकुताई म्हणाल्या. “मृणालच्या दारात कशाला?”

“जोनचा हात मोडलाय. नाहीतर तिनेच केलं असतं.”

“मग हात बरा होईपर्यंत थांबा. जिभेला तेवढीही कळ निघत नाही?”

“आजचा दिवस चुकवणार नाही.”

“जोन म्हणजे तीच ना? मृणाल शुक्रवारी जिच्याकडे विणायला जायची? फोनवर सारखं विणकाम, विणकाम. इतकी वर्षं विणत होती आणि घरात एक मफलर नाही.”

सिद्धीने तोंड फिरवलं. चंद्रहास पळीने बुड ढवळत राहिला.

“आता नीट ऐका,” शकुताईंचा आवाज खाली आला. “हे भांडं घरात आलं, तिच्या फोटोपुढे आलं, तर मी आत्ता टॅक्सी मागवते. परत या घरी पाय ठेवणार नाही. हिच्या लग्नालाही नाही.”

मृणालिनीच्या माहेरचं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. सिद्धीच्या पाठीशी मंडपात उभं राहायला एवढी एकच मावशी होती. चंद्रहासने शेगडी बंद केली.

“घरात नाही आणणार,” तो म्हणाला.

“टाकून देणार?”

“नाही.”

त्याने हात धुतले, आत जाऊन फोटोपुढच्या ताटाला नमस्कार केला. खीर, वडे, अळू, सगळं जागच्या जागी होतं. शकुताईंनी पाट दाखवला.

“बसा. निदान आज तिच्या नावाने जेवा.”

“आलोच. तुम्ही वाढून ठेवा.”

बाहेर येऊन त्याने भांड्याच्या कड्यांना फडकं गुंडाळलं, ते उचललं आणि कुंपणाच्या फटीकडे निघाला. शकुताई दारापर्यंत आल्या.

“माझ्या बहिणीने जन्मात अंड्याला हात लावला नाही,” त्या मागून म्हणाल्या. “आणि तिच्या वर्षश्राद्धाला नवरा बीफ खायला चाललाय.”

चंद्रहास थांबला. सिद्धी त्याच्याकडे बघत होती. भांडं जड होतं आणि वाफ चष्म्यावर येत होती.

“हो,” तो म्हणाला. “चाललोय. सगळ्या पुण्याला सांगा.”

आणि तो कुंपणापलीकडे गेला.

जोनने मागचं दार उघडंच ठेवलं होतं. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सावरत तिने टेबलावर एक खोल वाडगा आणि एक चमचा मांडला होता. तिने झाकण उचलून वास घेतला आणि मान हलवली.

“मीठ बरोबर पडलंय?” तिने विचारलं.

“मला काय माहीत? मी कुठे खातो,” चंद्रहास म्हणाला आणि काठोकाठ भरलेला वाडगा त्याने मृणालिनीच्या शुक्रवारच्या खुर्चीपुढे ठेवला.