तारेचे दोन तुकडे

वडिलांनी रेडिओच्या अँटेनासाठी तांब्याच्या तारेवर पेन्सिलने दोन खुणा केल्या होत्या. बाहेरच्या खुणेवर कापायचं आणि मग रेडिओ लावून बघत, लागेल तेवढंच थोडं थोडं आतल्या खुणेकडे छाटत जायचं. मुलीने पक्कड नेमकी आतल्या खुणेवर लावली.

त्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. तुकडा टेबलाखाली पडला.

पूर्वी असं झालं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. घशाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, आवाज गेला तो गेलाच. आता त्यांनी फक्त कपाळाला हात लावला. यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं मुलीला वाटलं.

"चुकलं, बाबा. जोडता येईल ना?"

तार तेवढीच उरली होती. त्यांनी तुकडा उचलला, टोकं घासली, कथिलाचा डाग देऊन जोडली. हात अजून शाबूत होते. मग प्लास्टिकच्या नळीवर ही आणि आधी कापून ठेवलेली अशा दोन्ही तारा समोरासमोर घट्ट बांधल्या. रेडिओच्या केबलची मधली तार एकीला, वरची जाळी दुसरीला. वादळात मोडलेल्या अँटेनाच्या जागी हा कामचलाऊ अँटेना मुलीने खिडकीबाहेर काठीला बांधला.

वडिलांनी पाटीवर लिहिलं, 'फक्त ऐकायचं.'

"असं का? काका वाट बघत असतील."

त्यांनी 'फक्त'खाली रेघ मारली. डोंगरापलीकडच्या या मित्राला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तीस वर्षं रोज सकाळी दहाला दोघं आपापल्या घरून हॅम रेडिओवर गप्पा मारत आले होते. मोर्स कोडची टकटक दोघांनीही शिकून सोडून दिली. हौस सगळी बोलायची. आता त्याला ऐकवणार काय?

रेडिओ खरखरू लागला. बरोबर दहाला त्या खरखरीतून आवाज आला, "आहेस का रे?" थोड्या वेळाने, "बरं. उद्या बघतो."

मुलीने माइक उचलला. वडिलांनी तिचं मनगट धरलं. तिने ते हळूच सोडवून घेतलं.

"काका, मी त्यांची मुलगी. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. त्यांना आता बोलता येत नाही."

तिने माइकचं बटण सोडलं. मग, "माइक त्याच्याकडे दे."

"अहो काका, आवाजच नाहीये त्यांना..."

"कळलं मला. तू दे."

वडिलांनी माइकचं बटण दाबलं. ओठ हलले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तसं त्यांनी शरमून बटण सोडलं.

"तू बटण दाबलंस की इथली खरखर थांबते," मित्र म्हणाला. "पुन्हा दाब. आणि लगेच सोडू नकोस."