आठव्या मजल्यावरची चादर

निशिकांतराव कोथिंबिरीची पिशवी घेऊन ब्लॉकखाली थबकले आणि मान वर करून मजले मोजू लागले. सात, आठ, नऊ. पुन्हा एकदा, अगदी खालपासून. उत्तर तेच आलं. त्यांची सोलापुरी चादर आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत होती, आणि ते स्वतः राहत होते नवव्यावर.

चादर त्यांचीच, यात शंका नव्हती. परदेशातल्या या अख्ख्या बेडोक वस्तीत लाल-हिरवी सोलापुरी चादर आणखी एखाद्याकडे असेलही, पण इस्त्रीने जळलेल्या कोपऱ्यावर निळ्या परकराचं एवढं मोठं ठिगळ? ते त्यांच्या बायकोचं, सविताबाईंचंच काम.

तिच्या बरोबर वर त्यांचा बांबू दिसत होता. सकाळी त्यांनीच लावलेला. त्यावर दोन पंचे, एक बनियन आणि चार रुमाल.

वाळत घालणं हे घरात त्यांचं खातं होतं. खरं तर उरलेलं एकमेव. निवृत्तीनंतर बाकीची खाती एकेक करून काढून घेण्यात आली होती. चहा पाणचट व्हायचा, भाजी जाड चिरली जायची, आणि त्यांनी काढलेला केर सविताबाई मागून गुपचूप पुन्हा काढायच्या. पण ओल्या कपड्यांनी भरलेला बांबू खिडकीबाहेर सरळ धरायचा आणि खिडकीखालच्या भिंतीतल्या नळीत बसवायचा, हे ताकदीचं काम. ते सविताबाईंना जमायचं नाही. म्हणजे निशिकांतरावांना जमायचं. दोन महिन्यांपूर्वी तेवढा एकदा याच चादरीसकट बांबू त्यांच्या हातून निसटता निसटता राहिला. सविताबाईंनी मागून धरला म्हणून बरं, खाली माणसांची ये-जा चालू होती.

"वारा होता," ते म्हणाले होते.

"हो, होता हो," सविताबाईंनी मान डोलावली होती.

त्यानंतर चादर आपल्या बांबूवर आलीच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. पलंगावर मात्र ती दर पंधरा दिवसांनी धुतलेली, उन्हाचा वास घेऊन येत होती. ती वाळते कुठे, हा प्रश्न दोन महिन्यांत एकदाही पडू नये, याचं त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

लिफ्टमध्ये त्यांनी आठचं बटण दाबलं.

मिसेस लिमनी जाळीचं दार उघडलं. जाताना-येताना हसण्यापुरती ओळख होती.

"माय ब्लँकेट," निशिकांतराव म्हणाले, "इज ऑन युअर पोल."

"युअर वाइफ से कॅनॉट टेल यू," मिसेस लिम म्हणाल्या, आणि लगेच वाक्यावाक्याला 'लाह', 'आह' जोडणाऱ्या आपल्या ठसक्यातल्या इंग्रजीत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. तुम्ही शनिवारी बाजारात गेलात की ती बादली घेऊन जिन्याने खाली येते. ओली चादर, केवढी जड! मी म्हटलं, नवऱ्याला उचलू दे की. तर म्हणते, नको नको, त्यांना कळता कामा नये.

"मग बांबू कोण लावतं?"

मिसेस लिमनी बाही वर सारली. चाळीस वर्षं बाजारात मासळीची खोकी उचललेला दंड होता तो. "मी लाह! सेव्हंटी-सिक्स ऑलरेडी. यू?"

निशिकांतराव एकाहत्तरचे होते. त्यांनी ते सांगितलं नाही.

"यू सिक, आह?"

"नो, नो. दॅट डे इट वॉज व्हेरी विंडी."

मिसेस लिमनी मान डोलावली. अगदी सविताबाईंसारखीच.

वर जायला त्यांनी जिना धरला. सोळा पायऱ्या. हातात कोथिंबिरीची एक जुडी, तरी मध्ये कठड्याला धरून थांबावं लागलं. गेले दोन महिने रात्री ते सविताबाईंच्या कमरेला बाम चोळून देत होते. कशाने भरली असेल गं, असं रोज विचारतही होते. वय झालं आता, एवढंच त्या म्हणायच्या. आता कळलं कशाने ते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोच्या आठवणीने गलबलून आलं, ती वरच्याच मजल्यावर होती तरी.

दार उघडंच होतं. कमरेला पट्टा बांधून सविताबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. दुसरा बांबू त्यांनी तयार करून ठेवला होता.

"आलात? मशीनचा दुसरा घाणा झालाय. एवढा बांबू लावता का? तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही ते."

निशिकांतरावांनी बांबूकडे पाहिलं. तीन हातरुमाल, एक उशीचा अभ्रा, आणि मधोमध त्यांचे पायमोजे. प्रत्येकाला दोन-दोन चिमटे.

त्यांनी बांबू उचलला. खिडकीशी नेला. आणि थांबले.

"अगं, जरा मागून धर."

"काय झालं?"

"जड आहे."

सविताबाईंनी पायमोज्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग त्यांच्या मनगटाला अजून लटकत असलेल्या पिशवीतून डोकावणाऱ्या कोथिंबिरीकडे, जी एव्हाना केव्हाच फ्रीजमध्ये जायला हवी होती.

"वारा आहे का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," निशिकांतराव म्हणाले. "वारा नाही."

सविताबाईंनी पदराला हात पुसले आणि बांबूचं मागचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.