मापांचं पुडकं

सुईत दोरा ओवताना हात तीनदा चुकला, तसा शिंपी मशीन सोडून उठला आणि तडक पुस्तकांच्या दुकानाशी गेला. आत शिरायला मात्र दारासमोरून चार फेऱ्या माराव्या लागल्या.

"दारू कायमची सोडवणारं एखादं पुस्तक आहे का हो? मित्रासाठी हवंय."

दुकानातल्या बाईंनी त्याच्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "हे घ्या. मित्राला म्हणावं, रोज दोनच पानं, पण खाडा नको."

घरी येईतो जिवाला थारा नव्हता. बायकोनं पाहिलं तर म्हणेल, आता हे नवीन सोंग! बाटली इतकी वर्षं जिथे तिला सापडली नाही, तिथेच पुस्तकही दडवावं म्हणून त्यानं चिंध्यांची पेटी उघडली. बाटलीवर नेहमीचं ते कागदी पुडकं आडवं पडलं होतं. जुनी मापं असतील, असं समजून रोज तो ते बाजूला सारायचा. आज घाईत ओढलं आणि कागद फाटला.

आत हेच पुस्तक होतं. पहिल्या पानावर चार वर्षांपूर्वीची तारीख आणि बायकोचं अक्षर:

"अहो, रोज तुमचा हात जातो, तिथेच ठेवलंय."